'रेकॉर्ड': एका इंग्रजी शब्दाचा उच्चार आणि अर्थ अचूक ओळखण्याची रीत

'रेकॉर्ड' हा इंग्रजी शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो वेगळा शिकावा असे सहसा कोणाला वाटत नाही. परंतु मराठी बोलताना आपण त्याचा जो उच्चार करतो, तो इंग्रजीतल्या त्याच्या दोन उच्चारांपैकी एकाशीही पुरता जुळत नाही. शब्दकोशातल्या अर्थांची लांबलचक यादी पाठ करूनही फारसा उपयोग होत नाही. आधी वाक्यात हा शब्द नाम म्हणून आला आहे की क्रियापद म्हणून हे पाहावे, त्यावरून आघात, म्हणजे शब्दाच्या कोणत्या भागावर जोर द्यायचा ते, ठरवावा आणि मग शेजारच्या शब्दांवरून अर्थ निश्चित करावा, हा क्रम पाळल्यास चूक होण्याची शक्यता बरीच कमी होते.

प्रथम उच्चारखंड मोजावेत. इंग्रजीत ज्याला सिलॅबल म्हणतात तो खंड लिहिलेल्या अक्षरांवरून नव्हे, तर ऐकू येणाऱ्या स्वरांवरून मोजायचा असतो, आणि या शब्दात असे स्वर दोनच आहेत. मराठीत दोन्ही खंड जवळजवळ सारख्याच जोराने उच्चारले जातात. इंग्रजीत मात्र नाम असेल तर पहिल्या खंडावर जोर येतो आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.

नामाचा उच्चार करताना 'रे' ठसठशीत म्हणावा, मात्र तो मराठीतल्या 'ए'प्रमाणे लांबवू नये. तो ऱ्हस्वच राहतो. त्यानंतरचा खंड अमेरिकी उच्चारात अगदी पुसट होतो, त्यामुळे कानाला 'रेकर्ड' असे ऐकू येते. ब्रिटिश उच्चारात 'कॉ' शिल्लक राहतो, पण त्यापुढचा 'र' लोपतो. क्रियापदात सगळे उलटते: पहिला खंड आखडून 'रि' होतो आणि सगळा भार 'कॉर्ड'वर पडतो, म्हणजे उच्चार 'रिकॉर्ड' असा होतो. 'रेकॉर्डिंग', 'रेकॉर्डर' आणि 'रेकॉर्डेड' हे शब्द क्रियापदापासून झालेले असल्यामुळे त्यांतही जोर दुसऱ्याच खंडावर राहतो, मग ते वाक्यात नाम म्हणून का आलेले असेनात.

शब्दकोशात आघाताची खूण म्हणून एक छोटी उभी रेघ दिलेली असते. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत ती जोराच्या खंडाच्या आधी येते, एवढे लक्षात ठेवले की पुरे. अमेरिकी कोश तर याच्याही पुढे जाऊन नाम आणि क्रियापद यांची फोड वेगवेगळी दाखवतात. नामात 'क'चा ध्वनी दाखवणारे अक्षर पहिल्या खंडाला जोडलेले असते, क्रियापदात ते दुसऱ्या खंडात जाते. त्यामुळे ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाल्यास संयोगचिन्ह कुठे द्यायचे हेही तो नाम आहे की क्रियापद यावर ठरते. एकाच वर्णलेखनाच्या शब्दाबाबत इतकी काटेकोर व्यवस्था इंग्रजीत क्वचितच पाहायला मिळते!

आघाताची ही अदलाबदल जुनी आहे. 1570 सालच्या एका इंग्रजी कोशात नाम-क्रियापदांच्या अशा फार थोड्या जोड्या सापडतात आणि 'रेकॉर्ड' त्यांपैकी एक आहे. पुढे 'प्रेझेंट', 'ऑब्जेक्ट', 'परमिट', 'कंडक्ट' अशा अनेक शब्दांनी हाच कित्ता गिरवला. तरीही हा सरसकट नियम समजू नये, कारण 'रिपोर्ट' आणि 'कंट्रोल' यांचा आघात नाम असो वा क्रियापद, दुसऱ्या खंडावरच राहतो.

आता अर्थांकडे वळू. हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी 'हृदय' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे आणि मूळ क्रियापदाचा अर्थ 'आठवणे', 'मनात पुन्हा आणणे' असा होता. स्मरणातून लेखी नोंद, नोंदीतून दस्तऐवज, नोंदल्या गेलेल्या कामगिऱ्यांपैकी सर्वोच्च कामगिरी म्हणजे विक्रम, आणि ध्वनीची नोंद करणारी तबकडी, असा हा विस्तार झाला. एडिसनचे फोनोग्राफ हे ध्वनिमुद्रणाचे यंत्र 1877 मधले, तर मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी 1948 मधली. म्हणजे आज अनेकांना आधी आठवणारा तबकडीचा अर्थ या शब्दाच्या इतिहासात बराच अलीकडचा आहे.

वाक्यात यांपैकी कोणता अर्थ घ्यायचा हे बहुधा सोबतचे क्रियापद सांगते. 'कीप' असेल तर नोंद, 'होल्ड' असेल तर बहुधा विक्रम आणि 'प्ले' असेल तर तबकडी, असे ढोबळमानाने धरावे. 'क्रिमिनल' हे विशेषण आले तर गुन्ह्यांचा पूर्वेतिहास, आणि संगणकाच्या संदर्भात माहितीसंचातली एक पूर्ण नोंद. परंतु 'शी ब्रोक द रेकॉर्ड' हे वाक्य एकटेच समोर आले तर तिने विक्रम मोडला की तबकडी फोडली हे व्याकरण सांगू शकत नाही, उच्चारही सांगू शकत नाही. तिथे आधीचे किंवा नंतरचे वाक्य पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

दुसऱ्या नामाच्या आधी आलेला 'रेकॉर्ड' विशेषणाचे काम करतो. 'रेकॉर्ड प्रॉफिट' म्हणजे आजवरचा सर्वाधिक नफा. नोंदवलेला नफा नव्हे. येथे उच्चार नामाचाच ठेवावा.

सर्वाधिक काळजी वाक्प्रचारांत घ्यावी लागते, कारण तिथे एखाद्या बारीकशा शब्दाने अर्थ पालटतो. एखादे वर्ष 'ऑन रेकॉर्ड' सर्वांत उष्ण होते, याचा अर्थ मोजमापाच्या नोंदी उपलब्ध आहेत त्या काळातले सर्वांत उष्ण. पृथ्वीच्या इतिहासातले नव्हे. त्यात 'द' घालून एखादी व्यक्ती 'ऑन द रेकॉर्ड' बोलली असे म्हटले, तर तिचे विधान तिच्या नावानिशी प्रसिद्ध करण्यास हरकत नाही असा अर्थ होतो. त्याचप्रमाणे 'सेट अ रेकॉर्ड' म्हणजे विक्रम प्रस्थापित करणे, पण 'सेट द रेकॉर्ड स्ट्रेट' म्हणजे चुकीचा समज दूर करून खरी वस्तुस्थिती मांडणे. अनुवाद करणाऱ्यांनी या दोन जोड्या तरी वेगळ्या लिहून ठेवाव्यात.

'रेकॉर्डर'बाबतही असाच सावधपणा हवा. ध्वनिमुद्रणाचे यंत्र हा त्याचा परिचित अर्थ आहे. मात्र इंग्लंड आणि वेल्समध्ये अंशकालिक न्यायाधीशाचे ते पदनाम आहे, आणि युरोपीय संगीतात ते फुंकून वाजवायच्या, उभ्या धरायच्या एका बासरीसदृश वाद्याचे नाव आहे. हे वाद्य मध्ययुगापासूनचे असून ध्वनिमुद्रणाशी त्याचा काही संबंध नाही. सूर घोकणे, गुणगुणत पक्का करणे असाही 'रेकॉर्ड' या क्रियापदाचा एक अर्थ पूर्वी होता, त्यावरून ते नाव पडले.