जुन्या पिकअपला रंग देण्याआधी हातोडी घ्या

जुनी पिकअप दारातच रंगवायची असेल, तर रंगाचा डबा फोडण्याआधी चाकांना दगड लावून हौद्याखाली शिरा. ऐरोली, सारसोळे, कोपरी अशा खाडीकाठी खारी हवा पत्रा खातेच. त्यात गाडी मासळीच्या धंद्यातली असेल, तर बर्फाचं खारट पाणी तळाच्या जोडांत मुरलेलं असतं. वरून दिसतात फक्त रंगाचे फुगे.

तळ आणि त्याला खालून आधार देणारे आडवे लोखंडी चॅनेल हातोडीने ठोकत चला. खणखणीत वाजलं तर पत्रा शाबूत. आवाज बद्द आला, खपल्या पडल्या, तर तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचा. आरपार गेला की तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करावाच लागतो. तिथे पुट्टी भरणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. वेल्डिंग गॅरेजवाल्याकडेच करा, डिझेलची टाकी जवळच असते. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, नाहीतर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर उडू शकतो.

वरवरचा गंज वायर ब्रशने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा, थिनरने पुसा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंज रोखणारं अस्तर) मारा. इथल्या दमट हवेत उघडं लोखंड रात्रीतून पुन्हा तांबूस होतं, त्यामुळे पावसाळ्यात हे काम काढूच नका. हौद्याची पाणी निचरायची भोकं तारेने मोकळी करा. रंगारी ती हमखास बुजवतात.

रंगच बदलणार असाल तर आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या. ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग (फिटनेस तपासणी) दरवर्षी असतं, तिथे हे अडतं.