त्वचेसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या घेताय? आधी या चुका टाळा

बोटांचे सांधे काळवंडले, ओठांचे कोपरे चिरले, दंडावर खरखरीत काटे आले की पुण्यात बरेच जण आधी मेडिकलमधून मल्टिव्हिटॅमिनची स्ट्रिप आणतात. दोन महिन्यांत फरक पडला नाही की मग रक्त तपासायला जातात. हा क्रम उलटा आहे आणि पुढच्या बऱ्याच चुका त्यातूनच होतात.

गोळी आधी, तपासणी नंतर

बी-12 ची गोळी किंवा इंजेक्शन सुरू झालं की रक्तातली पातळी लगेच चढते. मग रिपोर्ट नॉर्मल येतो आणि मुळात कमतरता होती का, किती होती, हे कळायला मार्ग उरत नाही. त्यामुळे पहिल्या गोळीच्या आधी डॉक्टरांना विचारून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-12, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (रक्तातली डी ची पातळी) या तपासण्या करून घ्या. बी-12 साधारण 200 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर कमतरता धरतात. 200 ते 300 च्या मधे असेल तर होमोसिस्टीन (बी-12 कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

केस-त्वचा-नखांच्या गोळ्यांचं प्रकरण आणखी वेगळं. त्यांत बायोटिन (बी गटातलं एक व्हिटॅमिन) बऱ्याचदा 10 मिलिग्रॅम असतं. शरीराची रोजची गरज आहे जेमतेम 30-40 मायक्रोग्रॅम, म्हणजे अडीचशेपटीहून जास्त डोस. इतक्या बायोटिनमुळे काही लॅबमध्ये थायरॉईडचा रिपोर्ट चुकतो: टीएसएच आणि टी-4 ही त्यातली दोन हार्मोन्स, पैकी टीएसएच खोटा कमी आणि टी-4 खोटा जास्त येऊ शकतो. तपासणीच्या निदान 2-3 दिवस आधी बायोटिन बंद ठेवा आणि आपण ते घेतो हे लॅबमध्ये सांगा.

'रोज दूध घेतो, मग बी-12 कसं कमी?'

चहात पडणारं 50 मिली दूध जेमतेम 0.2 मायक्रोग्रॅम बी-12 देतं. रोज लागतं 2 मायक्रोग्रॅमहून थोडं जास्त. शाकाहारी माणसाला तेवढ्यासाठी दूध-दही मिळून अर्धा लिटर तरी पोटात जायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणांचं बी-12 कमी निघालं होतं आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. तेव्हा 'आपल्याला कशाला असेल' असं धरून चालू नका.

बी-12 कमी झालं की बोटांच्या सांध्यांची पाठ, तळहाताच्या रेषा आणि नखांची मुळं काळवंडतात. जीभ लाल, गुळगुळीत होते. उपचार सुरू झाल्यावर हा काळेपणा आठवड्या-महिन्यांनी उतरतो, आठ दिवसांत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-12 तपासायलाच हवं. नुसतं फोलिक ॲसिड घेऊ नका: बी-12 च्या कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण नसांचं नुकसान चालूच राहतं. स्पिरुलिनातलं (शेवाळासारख्या पूरक आहारातलं) बी-12 माणसाच्या शरीराला फारसं उपयोगी पडत नाही. आणि मोठ्या डोसनंतर अचानक मुरमं उठली तर ती बी-12 मुळेही असू शकतात, डॉक्टरांना सांगा.

डाग दिसला की कमतरता, हे समीकरण

लहान मुलांच्या गालावरचे फिकट पांढरे चट्टे 'कॅल्शियम कमी' म्हणून वर्षानुवर्षं सिरपवर काढले जातात. बहुतेकदा तो पिटिरियासिस आल्बा असतो, कोरड्या त्वचेशी जोडलेला. साधं मॉइश्चरायझर आणि उन्हापासून जपणूक यांनी तो हळूहळू जातो. छाती-पाठीवर बारीक कोंडा सुटणारे डाग असतील तर शिबं, म्हणजे बुरशी. तिथे अँटिफंगल लागतं.

मान आणि काखेत मखमली काळेपणा असेल तर व्हिटॅमिनचा विचार बाजूला ठेवा. लिंबू-सोड्याने घासू तर नकाच, त्वचा भाजते आणि आणखी काळी पडते. हे बहुतेकदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असतं. एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) करा, वजन बघा.

ओठांचे कोपरे चिरणं बी-2 किंवा लोहाच्या कमतरतेचं असू शकतं, पण नीट न बसणारी कवळी आणि बुरशी यांचंही असतं.

60,000 ची पुडी

व्हिटॅमिन डी चं 60,000 युनिटचं पाकीट साधारणपणे आठवड्याला एक, असं 8 आठवडे देतात. जुनी चिठ्ठी दाखवून तेच वर्षभर घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढतं: तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, मूतखडा. पाकीट उपाशीपोटी नको, तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर घ्या.

सकाळच्या कोवळ्या उन्हात डी फारसं तयार होत नाही, त्यासाठी लागणारे किरण दुपारच्या आसपास असतात. खिडकीच्या काचेतून तर ते जवळजवळ येतच नाहीत. चेहऱ्यावर वांग असेल तर चेहरा झाकून हात-पाय उन्हात धरा.

'ए' च्या गोळ्या तर मनाने अजिबात नकोत. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असताना त्या घेतल्या की विषबाधेचा धोका वाढतो. गरोदरपणात जादा 'ए' बाळाला घातक ठरतं.

'सी' साठी गोळीची गरज क्वचितच पडते. एक पेरू दिवसाची गरज सहज भागवतो. लिंबू मात्र वरण उकळताना नाही, ताटात वाढल्यावर पिळा, कारण उष्णतेने 'सी' जातं.

पाय बधिर होत असतील, हिरड्यांतून रक्त येऊन पायावर जांभळे ठिपके उठत असतील, किंवा मान-हाताची उघडी त्वचा काळी पडून सोलते आहे आणि जुलाबही आहेत, तर घरगुती प्रयोगात दिवस घालवू नका. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.