जड क्यूला आणखी वजन

गेल्या पावसात पेडण्याचे एक टॅक्सीवाले काका आपला क्यू, म्हणजे पूल खेळायची काठी, घेऊन म्हापशाला माझ्याकडे आले. "हें जड जालां रे, थोडें वजन काड." मी दोन पूल टेबलं सांभाळतो, क्यूच्या टोकाला टिपा लावतो, क्यू दुरुस्त करतो. गिऱ्हाईक म्हणालं जड, की बटातला, म्हणजे मागच्या जाड भागातला, वजनाचा बोल्ट काढून हलका करायचा, ही माझी जुनी सवय. तसंच केलं. काका दोन फ्रेम खेळले आणि परत आले. आता म्हणे आणखी जड लागतो.

त्यांचं म्हणणं खरं होतं, चूक माझी. वजन काढायच्या आधी मी तोल पाहिलाच नव्हता. तुम्ही तिथूनच सुरुवात करा. क्यू जोडून एका बोटावर आडवा ठेवा, जिथे स्थिर राहील तिथे मास्किंग टेपची खूण करा आणि बटाच्या टोकापासून अंतर मोजा. पूलच्या 147 सेंटिमीटरच्या क्यूत ते साधारण 45 ते 48 सेंटिमीटर येतं. मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बट आणि शाफ्ट, म्हणजे पुढचा बारीक भाग, वेगवेगळे तोला. बहुतेक क्यू 18 ते 21 औंसांचे असतात. 1 औंस म्हणजे सव्वाअठ्ठावीस ग्रॅम धरा. स्पर्धेत 25 औंसांपर्यंत चालतं, पण तेवढा जड क्यू मी कुणाच्या हातात पाहिलेला नाही.

काकांचा क्यू 567 ग्रॅमचा, तोल 45 सेंटिमीटरवर. मी मागून 28 ग्रॅमचा बोल्ट काढला, तर तोल सरकून 47 वर गेला. मागचा हात बटाच्या टोकापासून 25 सेंटिमीटरवर आणि पुढच्या हाताचा ब्रिज, म्हणजे क्यूला टेकू देणारी बोटं, 120 वर धरला, तर ब्रिजवर येणारा भार 119 ग्रॅमवरून 125 वर गेला. क्यू हलका झाला आणि पुढचा हात मात्र जास्त दमायला लागला. काकांना "जड" म्हणजे पुढे जड म्हणायचं होतं. त्यावर उपाय मागे वजन घालण्याचा, काढण्याचा नव्हे.

म्हणून बट उघडण्याआधी नाणी लावून बघा. 10 रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, चार नाणी म्हणजे औंसापेक्षा थोडं जास्त. बटाच्या टोकाजवळ गोल ठेवून इलेक्ट्रिकची काळी टेप घट्ट गुंडाळा आणि आठवडाभर तसंच खेळा. दिसायला भंगार दिसतं, मित्र हसतात, हसू द्या. एका संध्याकाळीत निकाल लावू नका. हाताला नवं वजन पहिल्या दिवशी नेहमीच विचित्र लागतं.

पटलं की बट उघडा. शेवटचं काळं रबर, म्हणजे बंपर, काही क्यूंत नुसतं खेचून निघतं, काहींत मधोमध स्क्रू असतो. आत टॉर्च मारा. बोल्टच्या डोक्यात षट्कोनी खाच असेल तर लांब दांड्याची ॲलन की लागेल, सरळ खाच असेल तर लांब पेचकस. अमेरिकन मापाचे बोल्ट अर्धा इंच किंवा तीन अष्टमांश इंच जाडीचे असतात, त्यात मिलिमीटरची की "जवळपास बसते" म्हणून घुसवलीत तर खाच गोल होईल आणि मग रडत बसाल. उलट फिरवताना फेरे मोजा, पाटीवर लिहा. परत बसवताना तेच उपयोगी पडतं.

बोल्ट हलत नसेल तर आमच्याकडे कारण बहुधा गंज. जुलैत स्कूटरच्या डिकीत क्यू ठेवणाऱ्यांचे बोल्ट मी बघूनच ओळखतो. तेलाचा फवारा आत मारू नका, लाकूड तेल पितं आणि पुढे गोंद धरत नाही. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक बोल्टच्या खाचेत मिनिटभर टेकवा, मग की लावा. आटे धरून ठेवणारा जुना लॉकर किंवा गोंद असला तरी उष्णतेने सैल पडतो.

नवा बोल्ट निवडताना अंदाज असा: अर्धा इंच जाडीचा, इंचभर लांब पोलादी बोल्ट खाच आणि आटे वगळून साधारण 20 ग्रॅम. तेवढाच ॲल्युमिनियमचा जेमतेम 7. नेमकं हवं असेल तर बाजारातल्या ओळखीच्या सोनाराकडे तोलून घ्या. माझा सोनार दर वेळी विचारतो, "हा दागिना कुणाचा?"

बसवण्याआधी आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या, बोल्टचं आत जाणारं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, नाहीतर आत जाताना टेप सुटते. ताकद लावू नका. दोन बोटांच्या जोरावर टेकला की थांबा. मी एकदा पान्यासारखा पिळला होता, बट खालून तडकला, तो क्यू आजही माझ्या भिंतीवर आहे.

लाकडातले आटेच झिजले असतील तर पातळ फेविक्विकचे काही थेंब आत सोडा, आडवा फिरवत भिजवा, एक पूर्ण दिवस वाळू द्या. मग बोल्टला मेणबत्तीचं मेण चोळून सावकाश आत-बाहेर करा, आटे परत उमटतात. एकाने याऐवजी फणसाची खुंटी ठोकून आणली होती. ती काढायला मला तास लागला. आराल्डाइटने बोल्ट चिकटवू नका, पुढे वजन बदलायची वाट बंद होते.

खुळखुळाट येत असेल तर शाफ्ट काढून फक्त बटाला तळव्याने थापटा. आवाज तरीही आला तर दोन बोल्टांमधली फट शोधा, तिथे बुचाची पातळ चकती घाला. नाही आला तर जोडाचा स्क्रू बघा, बटाला हात लावू नका. स्नूकरच्या बऱ्याच क्यूंत आत शिसं ओतलेलं असतं, बोल्ट नसतोच. तिथे ड्रिल घेऊन घुसू नका.

काकांचा जुना बोल्ट मी परत आत घातला, मागे आणखी 30 ग्रॅमचा जोडला. तोल 43 वर आला, ब्रिजवर 113 ग्रॅम. क्यू आता जवळपास 600 ग्रॅमचा आहे. काका सगळ्यांना सांगतात, पोराने हलका करून दिला.