शेवटच्या 2 मिनिटांत बेंचवरून होणाऱ्या चुका

बास्केटबॉलची मॅच एक-दोन गुणांवर आली की निम्म्या कोचांकडे एकच प्ले (आखलेली चाल) उरतो. बॉल पॉइंट गार्डकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्या खेळाडूकडे, बाकी चौघे बाजूला, आणि "बघ काय जमतंय ते". जबाबदारी झटकून मोकळं व्हायची ही सोयीस्कर पद्धत मी इतक्यांदा पाहिली आहे की आता राग येतो.

ज्युनियर पोरांच्या एका मॅचमध्ये समोरच्या बेंचवर घडलेलं सांगतो. टीम 1 गुणाने मागे, 18 सेकंद बाकी, बॉल त्यांचाच. गार्ड पोरगा तयारीचा, पण चारही क्वार्टरमध्ये त्याला क्षणभर बसवलं नव्हतं. कोच तळहात दाखवून "थांब, थांब" करत होता आणि पोरगा मधोमध नुसता ड्रिबल करत उभा. 4 सेकंद उरल्यावर तो निघाला. स्क्रीन लागली (डिफेंडरची वाट अडवायला साथीदार आडवा उभा राहिला), तसे दोन्ही डिफेंडर त्याच्यावरच चढले. त्यांचा सगळ्यात भरवशाचा शूटर कोपऱ्यात गुडघ्यांवर हात टेकून उभा. बॉल आपल्याकडे येईल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. पास त्याच्या कानाजवळून थेट बाहेर. आणि कोच ओरडला कोणावर? गार्डवर!

मागे असू तर मी 9-10 सेकंद उरले की हालचाल सुरू करायला लावतो. शॉट 5-6 सेकंदांना गेला तर रिबाउंड (चुकून परत आलेला बॉल) घेऊन पुन्हा टाकायला वेळ राहतो. बरोबरी असेल तरच थोडं ताणायचं. गार्डने बॉल आधी दुसऱ्याकडे द्यावा आणि स्क्रीनवरून पळत येऊन परत घ्यावा, म्हणजे त्याला कोंडायला डबल टीम, म्हणजे एकावर दोन डिफेंडर, आयती मिळत नाही. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला त्याला मिनिट-दोन मिनिटं बसवतोच, मग आघाडी थोडी घसरली तरी चालेल. पाय संपलेल्या गार्डचा शॉट रिंगच्या पुढच्या कडेलाच लागतो.

टाइमआउटचं अज्ञान तर विचारू नका. एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) बघून कोच झालेले लोक खेळ चालू असताना "टाइमआउट!" म्हणून कंठशोष करतात. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमात तो मागायचा बेंचने, खेळाडूंनी नव्हे. आणि मिळतो तो घड्याळ थांबून बॉल डेड झाल्यावर, म्हणजे खेळ थांबल्यावर, किंवा समोरच्याने बास्केट केल्यावर. दुसऱ्या हाफचे 3 असतात, पण चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या 2 मिनिटांत जास्तीत जास्त 2 च वापरता येतात. तिसरा राखून ठेवणाऱ्याचा तो फुकट जातो. शिवाय या 2 मिनिटांत टाइमआउटनंतर बॉल पुढच्या कोर्टातून (समोरच्याच्या बास्केटकडच्या अर्ध्या भागातून) टाकायचा ठरवलात, तर शॉट क्लॉक (शॉट मारायला मिळणारा वेळ) फार तर 14 सेकंदांचा मिळतो. 24 धरून प्ले आखणारे इथे फसतात.

अर्थात टाइमआउट शिल्लक असून उपयोग होतोच असं नाही. 2018 च्या एनबीए फायनलची पहिली मॅच आठवा. 107-107, 4.7 सेकंद बाकी, क्लीव्हलँडच्या जॉर्ज हिलचा दुसरा फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळालेला मोकळा शॉट) चुकला. त्याचाच साथीदार जे. आर. स्मिथने रिबाउंड घेतला आणि जणू टीम आघाडीवर आहे अशा थाटात बॉल बास्केटपासून लांब नेला. क्लीव्हलँडकडे टाइमआउट होता, तो घेतलाच नाही, आणि ओव्हरटाइममध्ये 124-114 ने हरले. म्हणून फ्री थ्रोआधी मी पाचही जणांकडून स्कोअर मोठ्याने म्हणवून घेतो. पोरं हसतात. हसू देत.

गार्डलाच साइडलाइनवरून बॉल टाकायला उभं करू नका. आघाडीवर असाल तर बॉल फ्री थ्रो न चुकवणाऱ्याच्या हातात ठेवा, मग तो गार्ड असो वा नसो.

घड्याळात 0.2 सेकंद असताना कॅच-अँड-शूटचा (बॉल धरून लगेच मारायचा) प्ले काढणारेही भेटतात. 0.3 पेक्षा कमी वेळात बॉल धरून मारलेला शॉट धरतच नाहीत. चालतो फक्त टॅप (न धरता नुसता ढकललेला बॉल) नाहीतर हवेतच घेऊन थेट डंक (वरून रिंगमध्ये कोंबणं). बोर्डवरची बाणांची नक्षी पुसा आणि उंच पोराला रिंगखाली पाठवा.