ब्लॅक फॉस्फरसच्या इन्फ्रारेड एलईडीत प्रकाश कमी मिळतोय? या चुका टाळा

ब्लॅक फॉस्फरस (फॉस्फरसचा थरांचा अर्धवाहक) आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड (तसाच दुसरा थरांचा अर्धवाहक) यांचा डायोड 4 मायक्रोमीटरच्या आसपास इन्फ्रारेड प्रकाश देतो. तो अंधुक निघाला की बहुतेक जण लगेच नवा फ्लेक (स्फटिकाचा पातळ पापुद्रा) शोधू लागतात. आधी प्रकाश कुठे वाया जातो ते पाहा. त्याच डायोडवर लेसर टाकून फोटोल्युमिनेसन्स, म्हणजे लेसरमुळे पदार्थातून निघणारा प्रकाश, मोजा. तोच मंद असेल तर दोष पदार्थात किंवा प्रकाश बाहेर पडण्याच्या वाटेत आहे. तो चांगला असून वीज दिल्यावर प्रकाश कमी पडत असेल, तर दोष जोडणीत किंवा संपर्कात आहे.

पदार्थ हवेत खराब होणे. ऑक्सिजन, ओलावा आणि उजेड एकत्र आले की ब्लॅक फॉस्फरस झपाट्याने खराब होतो आणि मायक्रोस्कोपखाली पृष्ठभागावर थेंबांसारखे फुगवटे दिसतात. स्फटिकाचे थर सोलण्यापासून ते रचण्यापर्यंतचं सगळं काम ग्लोव्हबॉक्समध्येच (निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद पेटीत) करा, ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही 1 पीपीएमखाली ठेवा आणि बाहेर काढण्याआधी वर हेक्झागोनल बोरॉन नायट्राइड (वीज न वाहणारा संरक्षक थर) चढवा. नंतर झाकून उपयोग नाही, झालेलं ऑक्सिडेशन उलटत नाही.

थरांमधले बुडबुडे. इलेक्ट्रॉन मॉलिब्डेनम डायसल्फाइडमधून येतात आणि त्याचा व्हॅलन्स बँड (इलेक्ट्रॉनांनी भरलेला ऊर्जापट्टा) होलना, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांना, अडवतो, त्यामुळे दोघांची गाठ ब्लॅक फॉस्फरसमध्ये पडते. मधे बुडबुडा किंवा पॉलिमरचा अंश राहिला की तेवढ्या भागातून वीज नीट जात नाही. थर उचलून ठेवणारा पॉलिमरचा स्टॅम्प हळूहळू, एका कडेने टेकवा.

ऑक्साइडची जाडी सवयीने निवडणे. ही चूक सर्रास होते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. सिलिकॉनवर 285 नॅनोमीटर ऑक्साइड घेतात, कारण त्यावर फ्लेक डोळ्यांना छान दिसतात. इन्फ्रारेडशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. शिवाय सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे 3.4, त्यामुळे बराचसा प्रकाश वर न येता खाली सिलिकॉनमध्ये निसटतो. खाली सोन्याचा आरसा आणि त्यावर पाव तरंगलांबीचा थर द्या: 3.8 मायक्रोमीटरसाठी 1.6 अपवर्तनांकाचा अ‍ॅल्युमिना सुमारे 590 नॅनोमीटर. धातूवरून परावर्तन होताना प्रकाशलहरीच्या कलेत (फेजमध्ये) पडणारा फरक आणि वरच्या थरांची जाडी धरून अंतिम आकडा सिम्युलेशनने ठरवा.

प्रवाह वाढवत नेणे. बँडगॅप (प्रकाशाची ऊर्जा ठरवणारी ऊर्जेतली फट) लहान असल्याने ऑजे रीकॉम्बिनेशन लवकर डोकं वर काढतं; त्यात इलेक्ट्रॉन आणि होल एकत्र येतात, पण ऊर्जा प्रकाशाऐवजी तिसऱ्या वाहकाला जाते. ते वाहकांच्या घनतेच्या घनाने वाढतं, म्हणून एका टप्प्यानंतर प्रवाह वाढवला तरी कार्यक्षमता घसरते. 1 टक्का ड्यूटी सायकलच्या (एकूण वेळेच्या 1 टक्काच वीज चालू असलेल्या) पल्सने तपासा. घसरण कमी झाली तर दोष उष्णतेचा, तशीच राहिली तर ऑजे किंवा विद्युतप्रवाहाच्या गळतीचा संशय घ्या.

गरमी मोजून तिला प्रकाश म्हणणे. या पट्ट्यात तापलेला डायोडही चमकतो. उलट्या बायसलाही (उलट दिशेने व्होल्टेज दिल्यावरही) तेवढाच सिग्नल मिळत असेल तर ती उष्णता समजा. पोलरायझर फिरवून पाहा: ब्लॅक फॉस्फरसचा प्रकाश स्फटिकाच्या आर्मचेअर नावाच्या दिशेने ध्रुवित असतो, उष्णतेचा सहसा तसा नसतो. डिटेक्टर 77 केल्विनला थंड केलेला इंडियम अँटिमनाइडचा हवा, सोबत लॉक-इन (ठरलेल्या वारंवारतेचाच सिग्नल वेगळा काढणारा अ‍ॅम्प्लिफायर). स्पेक्ट्रममध्ये 4.26 मायक्रोमीटरला खाच दिसली तर डायोडला दोष देऊ नका. ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची असते, प्रकाशाचा मार्ग कोरड्या नायट्रोजनने भरा.