मे महिन्याच्या दुपारीही पुरेल असा प्रोसेसर कूलर कसा निवडावा

पहिलाच कॉम्प्युटर घरी जोडत असाल, तर कूलर बघण्याआधी खोली मोजा. कॅबिनेट जिथे ठेवणार आहात, तिथे मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास साधा थर्मामीटर ठेवून आकडा लिहून घ्या. हवेचा कूलर असो की पाण्याचा, तो प्रोसेसरची उष्णता फक्त खोलीतल्या हवेत सोडतो. खोलीपेक्षा थंड तो कधीच करत नाही. इंटरनेटवरच्या बहुतेक चाचण्या २०-२५ अंशांच्या एसी खोलीत झालेल्या असतात. नांदेड-परभणीकडे मे महिन्यात बाहेर पारा ४२ च्या पुढे जाणं नवीन नाही, आणि पत्र्याच्या खोलीत आत त्याहून बरं नसतं. माळवदाच्या जुन्या घरात किंवा दुमजली इमारतीच्या खालच्या मजल्यावर हाच आकडा बराच खाली येतो.

हिशोब सोपा आहे. कूलरसोबत प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश वर राहतो, तो फरक जवळपास कायम असतो. डिसेंबरात खोली २२ अंश आणि पूर्ण लोडवर प्रोसेसर ७२, म्हणजे फरक ५०. मे महिन्यात खोली ४१ झाली की तोच प्रोसेसर ९१ कडे जाणार. एएमडीच्या रायझन ५ ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे, रायझन ५ ७६०० ची ९५, तर इंटेलच्या आय५ १२४०० ची १००. मर्यादेला पोचल्यावर प्रोसेसर जळत नाही, वेग कमी करून स्वतःला सांभाळतो. पण ज्या वेगासाठी पैसे मोजले, तोच ऐन उन्हाळ्यात मिळत नाही.

खोक्यावरच्या वॅटवर भरवसा ठेवू नका. आय५ १२४०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण टर्बोत, म्हणजे जास्तीच्या वेगाने चालताना, त्याची कमाल ११७ वॅट आहे. रायझन ७६०० चे ६५ प्रत्यक्षात ८८ पर्यंत जातात, ७६००एक्स चे १०५ हे १४२ पर्यंत. आय७ १४७००के तर २५३ वॅट ओढू शकतो.

आता निवड. आय३ १२१००, आय५ १२४०० किंवा रायझन ५६०० सोबत खोक्यात येणारा कूलर अभ्यास, ऑफिसचं काम आणि हलक्या खेळांना चालतो. मात्र मे महिन्यात त्याचा पंखा सतत जोरात फिरेल. खोली ३८ च्या वर जात असेल, तर दोन-तीन हजारांचा चार हीटपाइपचा (उष्णता वर नेणाऱ्या नळ्यांचा), १२० मिलिमीटर पंख्याचा सिंगल टॉवर, म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यांचा एकच उभा गठ्ठा असलेला कूलर घ्या. उदाहरणार्थ, डीपकूल एके४००. पहिल्या कॉम्प्युटरसाठी आमचा कौल यालाच. ७६००एक्स सारख्या प्रोसेसरला थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० सारखा ड्युअल टॉवर लागतो. नाहीतर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) ६५ वॅटचा इको मोड लावा, खेळांमध्ये फरक जेमतेम जाणवतो. दुकानात ‘ट्रे’ प्रोसेसर स्वस्त मिळाला, तर त्यासोबत कूलर येत नाही, हे किमतीत धरा.

पाण्याचा, म्हणजे एआयओ, २०० वॅटच्या पुढच्या प्रोसेसरना योग्य. बाकीच्यांना त्यात पैसा अडकवू नये. पंप हा बंद पडू शकणारा आणखी एक भाग असतो, आणि आतलं पाणी वर्षानुवर्षं थोडं थोडं कमी होत जातं. टॉवरचा पंखा गेला, तर गावातल्या दुकानातूनही दुसरा १२० चा आणून लावता येतो. एआयओ घेतलाच, तर रेडिएटर (पाणी थंड करणारी पंख्यांची जाळी) कॅबिनेटच्या वरच्या बाजूला लावा. पंप सगळ्यात उंच जागी आला, तर त्यात हवा साठते, आवाज येतो आणि तो लवकर जातो.

विकत घेण्याआधी तीन गोष्टी जुळवा. एके४०० ची उंची १५५ मिलिमीटर आहे, तेव्हा कॅबिनेटच्या माहितीपत्रकात त्याहून जास्त कूलर-उंची लिहिलेली हवी. रॅमवर उंच हीटसिंक (उष्णता सोडणारे धातूचे पत्रे) असेल, तर ती पंख्याला अडते का ते पाहा. आणि सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा: इंटेलच्या एलजीए १७०० वर कूलर बसवायच्या भोकांमधलं अंतर ७८ मिलिमीटर आहे, आधीच्या १२०० वर ७५ होतं. त्यामुळे जुना कूलर नव्या ब्रॅकेटशिवाय बसत नाही.

बसवताना मदरबोर्ड कॅबिनेटबाहेरच असू द्या. कूलरच्या तळाला चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म काढा. सर्वांत जास्त विसरली जाते ती हीच, आणि मग कॉम्प्युटर सुरू होताच तापमान मर्यादेकडे उडी मारतं. उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी लावा, कूलरला आधीच लावलेली असेल तर वरून घालू नका. स्क्रू एकेक करून, समोरासमोरचे आलटूनपालटून, दोन-दोन वेढे देत आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली, तर पेस्ट दुसरीकडे सरकते. इंटेलच्या सोबतच्या कूलरला पुश-पिन असतात, त्या चारही पिना बोर्डाच्या मागून आरपार दिसल्या पाहिजेत. एएम४ (रायझन ५६०० चं सॉकेट) बोर्डावरचे प्लास्टिक ब्रॅकेट सोडवताना मागची पट्टी हाताने धरून ठेवा, नाहीतर ती निसटून पडते. पुढे कधी एएम४ चा कूलर काढायचा झाला, तर आधी दहा मिनिटं कॉम्प्युटर चालवून पेस्ट गरम करा, मग बंद करून, प्लग काढून, कूलर हलका फिरवत उचला. सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच लावा. पंख्याची चौकटीची, आडव्या पट्ट्यांची बाजू हवा बाहेर फेकते, ती कॅबिनेटच्या मागच्या दिशेला ठेवा.

उरलेले पैसे जाळीच्या पुढच्या भागाचं कॅबिनेट आणि धुळीच्या फिल्टरवर घाला. समोरून दोन पंखे आत, मागून एक बाहेर. आत येणारी हवा थोडी जास्त असली की फटींतून धूळ शिरत नाही. कापसाच्या हंगामात तंतू हीटसिंकच्या पत्र्यांत गोधडीसारखे बसतात, म्हणून फिल्टर दर पंधरा दिवसांनी झटका. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा. खोलीतला डेझर्ट कूलर हवा थंड करतो, म्हणून कॉम्प्युटरलाही फायदाच. फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको, कारण तुषारांतल्या क्षारांचा पांढरा थर बोर्डावर चढतो.

शेवटी प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारं सिनेबेंच दहा मिनिटं चालवा, तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये कमाल तापमान पाहा आणि त्यातून त्या वेळचं खोलीचं तापमान वजा करा. आलेला फरक मे महिन्याच्या लिहून ठेवलेल्या आकड्यात मिळवून बघा. बेरीज मर्यादेपासून पाच अंशांहून जवळ आली किंवा तिच्या वर गेली, तर कूलर बदलण्याआधी बायोसमध्ये वॅटची मर्यादा एक पायरी खाली आणून पुन्हा मोजा.