कोलोनोस्कोपी शिकवताना या चुका टाळा

डी. एम. गॅस्ट्रोएन्टरोलॉजीच्या (पोट-आतड्यांच्या विकारांच्या पदवीच्या) तीन वर्षांत रेसिडेंटच्या, म्हणजे शिकाऊ डॉक्टरच्या, लॉगबुकातला कोलोनोस्कोपींचा (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं तपासण्याचा) आकडा फुगतो. हात तयार होतोच असं नाही. अमेरिकेत एकेकाळी 140 कोलोनोस्कोपींनंतर पारख करावी असं मानत. मेयो क्लिनिकने 2011 साली मोजून पाहिलं, तर सक्षम व्हायला सरासरी 275 लागत होत्या. तेव्हा नुसता आकडा लिहून घेऊ नका. सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या पार आतल्या टोकापर्यंत) रेसिडेंट स्वतः पोचला का, किती मिनिटांत, आणि शिक्षकाने स्कोप (दुर्बिणीची नळी) कुठे हातात घेतला, हे लिहा. ‘असिस्टेड’ (मदत केली) या नोंदीत शेजारी उभं राहणंही खपून जातं.

खरी अडचण सिग्मॉइडमध्ये, म्हणजे गुदाशयालगतच्या वळणदार भागात. स्कोप आत जातोय, पण चित्र तिथेच किंवा उलट मागे सरकतंय, पेशंट कण्हतोय: लूप झालाय, म्हणजे स्कोपला आत वेटोळं पडलंय. अशा वेळी ‘ढकल, ढकल’ म्हणणं चूक, आणि वैतागून स्कोप ओढून घेणंही चूक, कारण लूप सुटताना हाताला काय जाणवतं ते शिकणाऱ्याला कळतच नाही. आधी थांबवा. रेसिडेंटला स्कोपने आतड्यातली हवा शोषून घ्यायला सांगा, मग उजवा पीळ देत स्कोप हळूहळू मागे. स्कोप मागे येतोय आणि चित्र जागेवर राहतंय किंवा पुढे जातंय, म्हणजे लूप सुटतोय. अडलं तर पीळ उलटा द्या, जोर लावू नका. सरळ स्कोप गुदद्वाराशी स्प्लेनिक फ्लेक्शरला (प्लीहेजवळच्या वळणाला) 50 सेंमीच्या आसपास आणि सीकमला 70 ते 80 दाखवतो. सीकमला 110 दिसले, तर लूप तसाच आहे. पेशंट गाढ भुलीत असेल तर कण्हण्याची सूचना मिळत नाही, म्हणून नवख्याला तिथे हाताला लागणारा अडथळा ओळखायला आवर्जून शिकवा.

‘डावीकडे घे’ म्हणजे स्कोपच्या मुठीवरचं चाक फिरवायचं की मनगट? शब्द आधी ठरवा: चाक वर, चाक खाली, उजवा पीळ, मागे, थांब. हात गुंतलेला असताना लांबलचक सूचना डोक्यात शिरत नाहीत.

यादीतला शेवटचा, तयारी बिघडलेला (आतडं नीट साफ न झालेला) पेशंट रेसिडेंटच्या वाट्याला देण्याची सवय सर्रास दिसते. सुरुवातीला उलट करा: बॉस्टन स्कोअर (आतडं किती स्वच्छ आहे याचे गुण) किमान 6, प्रत्येक भागाला 2, आणि गर्भाशय काढलेली पेशंट नको, कारण चिकटलेल्या सिग्मॉइडमध्ये अनुभवी हातही अडखळतात. टेबल कोपराच्या उंचीला, मॉनिटर समोर.

स्कोप मागे घेत बाहेर येण्याकडे तर कुणी बघतच नाही. सीकम गाठला की घाई सुरू! बायोप्सी (तपासणीसाठी तुकडा घेणं) आणि पॉलिप (आतड्यातली गाठ) काढण्याचा वेळ वगळून किमान 6 मिनिटं ही जुनी मर्यादा. अमेरिकी निकषांनी 2024 मध्ये ती 8 केली. नवख्याला आधी बाहेर येणंच सोपवा: प्रत्येक घडीमागे बघताना स्कोपच्या टोकावर ताबा येतो. शेवटी, पेशंट टेबलावरून उतरताच एकच सुधारणा सांगा, आणि पुढच्या केसच्या आधी ती त्याच्याकडूनच वदवून घ्या.